बिडाची पट्टी

मंगळवार, शाहूपुरी पाचवी गल्ली,
सायकलच्या दुकानावरची खोली.
अकरा खुर्च्या मी गोल मांडते
आणि बारावी, माझी, भिंतीला लावते.
मी बोलायचं नसतं. मोजायचं असतं.

बोलणं सुरू व्हायच्या आधी एक फॉर्म, संपल्यावर एक.
गेल्या पंधरवड्यात आपल्याला असं किती वेळा वाटलं?
अजिबात नाही, शून्य.
कधीमधी, एक.
पुष्कळदा, दोन.
रोजच, तीन.
बेरजा मी घरी करते, कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर.

पहिल्या मंगळवारी शकुंतला चौगुल्यांनी
खालपर्यंत शून्यंच काढली.
झोप, रडू, एकटेपणा, सगळी एका मापाची,
रांगोळीच्या ठिपक्यांसारखी.
पेन पदराला पुसून परत दिलं.
"आमचं काय न्हाई बाई, सुनंनं धाडलं म्हणून आलो."
सातव्या मंगळवारी त्यांची बेरीज एकोणीस.
आलेखावर रेघ अशी चढली
की विद्यापीठातून सरांचा फोन,
"या बाईंचं बिघडत चाललंय का?"
काय सांगणार होते मी?
त्या दिवशी त्यांनी धाकट्याचं नाव घेतलं,
चौदा वर्षांनी, मोठ्यानं,
आणि नंतर चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली.
बिस्किटांना रकाना नाही.

प्रज्योतची रेघ मात्र देखणी.
सतरा, तेरा, नऊ, चार.
सर ती परिषदेत दाखवणार आहेत.
मी पाहिलंय त्याला मागचे आकडे आठवताना,
ओठ हलवत, प्रत्येकातून एक वजा करताना.
खाली त्याची आई स्कूटी बंद न करता थांबलेली असते.

हिंदुराव सुतारांनी चाळीस वर्षं उद्यमनगरात
फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न घडवले.
त्यांनी फॉर्म उजेडाला धरला, उलटा केला,
"ताई, ह्यो कागद कुठल्या धातूसाठी हाय?"
मग समजावून सांगितलं:
रस गार होताना आकसतो,
म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच निराळी,
तिचा फूट फुटापेक्षा जरा लांब.
बिडाला एक पट्टी, पितळेला दुसरी.
"बाजारातली खरी पट्टी घिऊन बसलं
की माल खोटा निघतोय."
जरा वेळ पंखाच तेवढा वाजत राहिला.
मग रुक्साना बागवान म्हणाली,
"म्हंजे चाचा, आपण सगळे गार व्हायलोय म्हणा की!"
हसले. शकुंतलाबाईसुद्धा, तोंडावर हात घेऊन.
मी समासात लिहिलं, ५.४०, हशा,
आणि लगेच खोडलं,
कारण कुणाचा किती, ते मला वेगळं काढता येईना.

तेव्हापासून मी चोरून भलतंच मोजते.
दोन खुर्च्यांमधल्या फरशा: जूनमध्ये दोन,
आता एक, कुठे कुठे अर्धी.
कुणी रडायला लागलं तर
दुसरं कुणी बोलायला किती सेकंद घेतं:
आधी चार. नुसती घाई, उगी उगी, पाणी आणा.
परवा सत्तर. पाण्याचा तांब्या तिथंच होता,
कुणी हललं नाही,
आणि घड्याळाकडे बघणारी मी एकटीच.

अहवाल परवा पाठवला.
सरासरी फरक किरकोळ, पुढील अभ्यासाची गरज.
तक्त्यात एक ओळ रिकामी आहे,
बाबगोंडा मगदूम, तीनदा आला, चौथ्यांदा नाही.
सूचना अशी की रिकाम्या जागी शून्य भरू नये,
शून्य म्हणजे वेगळं काहीतरी.

काल मार्केट यार्डात दिसला.
तोलाईला असतो, गुळाचा रवा उचलून काट्यावर ठेवत होता.
मला बघून थबकला. ओळख दाखवू की नको, असं झालं दोघांना.
मग हात तसाच गुळावर ठेवून म्हणाला,
"खुर्च्या अजून अकराच मांडता काय?"
अकराच, म्हटलं.
त्यानं हात काढून घेतला
आणि काटा थिर व्हायची वाट बघत उभा राहिला.