रविवारी दुपारी, सूर्याचा सिनेमा

सूर्य बिघडला होता.
असं टीव्हीवरचा गोरा शास्त्रज्ञ म्हणाला, हिंदीत,
आणि त्याचे ओठ मिटल्यावरही
वाक्य थोडा वेळ चालू राहिलं.
फक्त सव्वीस तास.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर, मे महिना.
खिडकीला जुनी चादर,
तिच्यावर मारलेलं पाणी मारता मारताच वाळलेलं.
कूलरमध्ये दर अर्ध्या तासाला एक बादली, हे माझं काम,
सूर्य कितीही बिघडला तरी.

समोरचे ऑगस्टिन काका, रिटायर ड्रायव्हर,
त्यांच्या टीव्हीत नुसत्या मुंग्या म्हणून आलेले.
सईदाखाला, तिची दोन नातवंडं.
आणि वडील, दारापाशी,
पायात बूट आधीच चढवून.

वडील कीमन.
उन्हाळ्यात ऐन दुपारी रुळावर चालायचं,
रूळ तापला की लांबतो,
लांबायला जागा नसली की कूस बदलतो,
असं ते सांगत,
झोपलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं, हळू आवाजात.

पडद्यावर उपग्रह जळाले, विमानं पडली.
एक पूल वितळला. कुत्रा वाचला.
नायकाची बायको सोडून गेलेली, मुलगी रुसलेली,
तिला घेऊन तो कुठल्याशा वाळवंटात धावत होता
बोडक्या डोक्याने.
"रुमाल तरी बांध रे बाबा," सईदाखाला म्हणाली.

मग ठरलं, अवकाशात छत्री उघडायची.
शंभर मैल रुंद. चांदीची.
वडील तेव्हा पहिल्यांदा हसले,
"उघडतीन, पन मिटून ठेवतीन कुठी?"

जाहिरात.
ऊन लागू नये म्हणून लावायचं क्रीम,
लावणारी बाई गुडघाभर समुद्रात.
वडील उठले. ओला पंचा डोक्याला,
खिशात कांदा, खांद्यावर पाना, हातोडा, लाल झेंडी,
आणि ते रुळाला चिकटवायचं चुंबकाचं थर्मामीटर.
आईने तांब्या पुढे केला, उभ्यानेच रिकामा झाला.
"मंग सांगजो मले, वाचते का नही."

दार उघडलं
आणि एवढा उजेड आत आला
की टीव्ही दिसेना.
नुसती काळी काच, तिच्यात आम्ही सगळे
दाटीवाटीने बसलेलो.

छत्री उघडायला चार मिनिटं होती,
मुलगी बापाला माफ करणारच होती,
तेव्हा लाइट गेली.
कूलरचं पातं उगाच दोन-तीन फेरे फिरलं.
ऑगस्टिन काकांनी छातीवर क्रॉस काढला,
मग स्वतःलाच हसले.
आई गच्चीवर गेली, बिबड्या बघायला.
एक उचलून आणली, आमच्यासमोर वाकवून पाहिली,
मोडली नाही, नुसती वाकली.
"अजून दोन उन्हं लागतीन," म्हणाली,
जणू शेजारी मागितली तर
तीही मिळाली असती.

वडील सहाला आले.
शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे.
वरणगावकडे एका जागी रूळ सरकला होता, म्हणाले,
बोटभर. थर्मामीटर त्रेसष्ट.
झेंडी धरून उभा राहिलो, मालगाडी थांबली,
ड्रायव्हरने शिव्या घातल्या, मग खाली उतरून पाहिलं,
मग बिडी दिली.
एवढंच.
भाजी महागली, हेसुद्धा ते याहून रंगवून सांगतात.

बुटाची नाडी सोडता सोडता
"मंग? वाचली का वं धरती?"
"वाचली," मी म्हणाले.
"आन् छत्री?"
मी बादली उचलून नळाकडे गेले.

लाइट साडेसातला आली.
त्या चॅनलवर दुसराच सिनेमा लागला होता.
आता समुद्र बिघडला होता,
गावांच्या गावं त्याच्या आत.
वडिलांनी डोळे किलकिले करून पाहिलं,
"समुद्र लय लांब हाये आपल्यापासून,"
आणि तिथेच, गार फरशीवर,
कूस बदलली.