पान दोनशे अकरा

डुलुथच्या वाचनालयातून आणलेली ही जाड कादंबरी,
मलपृष्ठावर कॉफीचा गोल डाग, परतीची तारीख एकोणीस जानेवारी.
बाहेर उणे चोवीस. काठापाशी सरोवर गोठलेलं,
आणि माझ्या मांडीवर
तीनशे पानांचं जंगल टिपटिप गळतंय.

रेडिएटर सूंऽ करतो, मी त्याला रातकिडे समजते.
सोफ्यावर पाय वर घेऊन बसते. न जाणो, जळवा.

डॉक्टर व्हिटकम नावाचा उंच माणूस
एका बेडकाच्या शोधात नदी चढतोय वरवर.
बेडूक निळा. त्याच्या कातडीत म्हणे
सगळी दुखणी थांबवणारं औषध.
त्याची सहकारी शहाणी आहे,
म्हणून दर प्रकरणात घसरून पडते.
सूक्ष्मदर्शकाची काच फुटते, नकाशा भिजतो,
कंपनीची माणसं मागावर,
आणि चहा निवला तरी मी उठत नाही.
खोटं कशाला बोलू, मजा येते.

दिवसभर मीही नमुनेच तपासते:
शहराच्या पाण्याच्या बाटल्या, क्लोरीन, शिसं,
लेबल, सही, पुढची बाटली.
सात वर्षांत एकाही बाटलीने
डराव केलेलं नाही.

मग पान दोनशे अकरा.
पूर येतो. दोर तुटतो.
‘एक हमाल वाहून गेला. सुदैवाने नमुन्यांची पेटी वाचली.’
आणि पुढच्या ओळीत सकाळ.

मी मागे जाते. एकशे चाळीस, नव्वद, बावन्न.
बेडूक आधी कोणी पाहिला? हमालाने.
विषारी वेल कोणी दाखवली? हमालाने.
नाव कुठेच नाही.
बेडकाला मात्र दोन आहेत, लॅटिन, तिरप्या अक्षरांत,
त्यातलं एक डॉक्टरांचं.

लेखकावर चिडायचं होतं मला.
चांगली दोन पानं चिडलेही.
मग उठले. कपाटातल्या बॅगेत तळाशी
माझा प्रबंध आहे, काळ्या कापडी बांधणीचा.
चौकुळच्या सड्यावरचे बेडूक, दोन पावसाळे.
ऋणनिर्देशात मार्गदर्शक, विभागप्रमुख, वनखातं,
झेरॉक्सवाले परबसुद्धा,
आणि अगदी शेवटी, ‘स्थानिक वाटाड्या’.

जानू झोरे.
बॅटरीशिवाय चालायचा.
‘थंय पाय ठेव नको, बाय,’ म्हणाला एकदा,
आणि मी पाय ठेवणार होते तिथून
फुरसं खवले घासत निघून गेलं.
नुसत्या आवाजावरून सांगायचा, नर किती, लांब किती.
मी वहीत लिहायचे.
वही माझी होती.

कादंबरी संपली रात्री दीडला.
निळा बेडूक सापडला, कंपनी हरली,
बोटीच्या कठड्याला टेकून दोघांनी चुंबन घेतलं.
ठीक.
खालून बर्फ खरवडणारी गाडी गेली, खिडकी जरा थरथरली.

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये,
हे मला तिसरीपासून माहीत आहे.
पेन्सिलीला टोक केलं.
पान दोनशे अकरा, हमालाच्या पुढे काकपद,
समासात देवनागरीत: जानू.
आडनावालाही जागा होती. लिहिलं.

इथे ते कोण वाचणार?
कुणाला वाटेल, पानांत मुंग्या चिरडल्यात.

प्रबंध शेजारी उघडाच आहे.
तिथे पेन्सिल चालणार नाही.