घरच्यापुरतं

रविवार पेठेत मुनवळ्ळींनी
दोन मशिनी काउंटरवर ठेवल्या.
एक नारिंगी, एक हिरवट.
"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं,
माझ्या मागं बघत,
जसं कुणी मागून येऊलालंय.
"मीच की," मी म्हटलं.
मग त्यांनी चष्मा पुसला.

नारिंगीची दोरी त्यांच्या पोरानं ओढली,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती खवळली.
दुकानभर धूर. आणि धुरात
आमच्या ह्यांचा सदरा, तीस पावसाळ्यांचा,
कितीही पिळला तरी वास न सोडणारा.
लिटरभर पेट्रोलला वीस मिली ऑइल,
हे मला पाढ्यासारखं पाठ.
त्यांच्या बोटांना बाटलीचं बूच फिरेना झालं
तेव्हापासून मीच मिसळायची.

शट्टुपा देवलत्तकर,
ठेकेदारांच्या मागं नाणा, किंदळ कापत हिंडलेला माणूस.
आता थंडीत बोटं पांढरी पडतात,
खडूसारखी, टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत.
बंबाच्या पाण्यात बुडवून बसतात
तेव्हा कुठं रक्त परत येतं.
आणि त्या बंबाला लाकूड लागतं.
एवढ्यासाठी तर आले होते बेळगावला.

हिरवटला दोरी नाही. दोन बटणं.
एक दाबून धरायचं, दुसरं ओढायचं.
शिलाई मशीन पळावी तशी पळाली,
सोडलं की गप्प.
इतकी गप्प, की बाहेर एक रिक्षावाला
कन्नडमध्ये कुणाची तरी आई काढत होता
ते नीट ऐकू आलं.
"किती वेळ चालते?"
"अर्धा तास बगा. जाड खोड असलं तर त्याच्या आत."
"आमच्याकडं जांबोटीत लाईट गेली
की चार-चार दिवस येत नाही."
"मग दुसरी बॅटरी घ्या रीऽ."
दुसऱ्या बॅटरीची किंमत ऐकून
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बसस्टँडपर्यंत जाऊन परत आले. खोटं नाही.
मिरची भजी खात बोटांवर मोजलं:
आठवड्याला दोन मोळ्या.
काजूच्या वाळक्या फांद्या, वर्षातून एकदा.
गोठ्यामागं पडलेला सिल्व्हर ओक,
तो मात्र माझ्या कंबरेएवढा.
जंगल कुणाला तोडायचंय?
पाणी तापवायचंय.

घरी ह्यांनी ती उलटीपालटी केली,
नाकाला लावली.
"वासच नाही गं हिला."
सून बघायला गेल्यावर काहीतरी खोट काढावी तसं.
मग साखळीच्या तेलाची टाकी सापडली.
"तेल पितीया. तेवडं बरं."

रविवारी सिल्व्हर ओकवर धरली.
पाऊण खोड लोण्यासारखं गेलं,
मग लाकूड बसलं, पट्टी आत चिमटली,
आणि चारातला शेवटचा दिवा मिटला.
लाईट सकाळपासूनच नव्हती.
मशीन झाडात, मी कंबरेवर हात ठेवून,
आणि पडवीत शट्टुपा देवलत्तकर हसतोय,
खोकला लागेपर्यंत हसतोय.
दोन वर्षांत असा हसला नव्हता.

मग उठले. पाचर आणली.
माळ्यावरची दोन मुठींची करवत काढली,
गंजलेली, दात शाबूत.
"ढकलू नको. ओढ, आणि सोड.
माझ्याकडं येऊलालीय ती येऊ दे."
ओढली, सोडली, ओढली.
मध्ये दम खाल्ला, मध्ये भांडलो,
कोण जास्त ओढतंय यावरून.
पट्टी सुटली तेव्हा कोंबड्या झाडावर चढल्या होत्या.

रात्री तीनला लाईट आली.
चार्जरचा दिवा चुलीशेजारी लुकलुकू लागला,
स्वयंपाकघर अळवाच्या पानासारखं हिरवं.
मला वाटलं, झोपलेत.
"ती जुनी पेट्रोलची," अंधारातून म्हणाले,
"नागेंद्र मागूलालाय. इकू?"
मी म्हटलं, "असू दे."
का, ते त्यांनी विचारलं नाही,
मलाही सांगता आलं नसतं.
"टाकीतलं पेट्रोल तेवढं काढून ठेवा," म्हटलं,
"कार्ब्युरेटर चोंदतो."