पॉप्लरची फळी

रात्री साडेदहाला शेवटचा रुग्ण घरी जातो,
मग खोली आमची.
फाब्रिझिओ ठोकळ्याला काळी पट्टी गुंडाळतो,
कडेकडेने नख फिरवत,
लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसा.
टाचणीएवढा उजेड आत शिरला
तरी सगळी रात्र वाया.

ठोकळा प्लास्टिकचा, काचेसारखा नितळ.
प्रोटॉन आत शिरला की निळसर उजळतो,
आणि थांबता थांबता सगळ्यात जास्त.
कॅमेरा तेवढंच बघतो,
कोण किती खोल येऊन विझलं.
वाटेत काय लागलं ते कुणी सांगत नाही.
बाजारातून आलेल्याचा खिसा चाचपावा
तसं शिल्लकीवरून ओळखायचं
हाड होतं, मांस होतं, की नुसती हवा.

दिवसा याच खोलीत माझे वडील झोपतात,
ऑरेस्ते, तिचिनो नदीवर होड्या बांधणारे,
चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा,
कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या नसेलगत
सुपारीएवढी गाठ.
त्यांनी एकदाच विचारलं, तुला दिसते?
दिसते, मी म्हटलं,
पण झोत नेमका कुठे थांबेल
त्यात दोन-तीन मिलिमीटरचा अंदाज असतो.
"अंदाज."
ते बराच वेळ बूट घालत राहिले.
"अंदाजाने मी होडीला खिळा मारत नाही."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून फळी आणली.
पॉप्लरची, चार बोटं जाड,
रंधा मारून वर हिरवा रंग चढवलेला.
"आत एक गाठ आहे. शोध."

फाब्रिझिओ हसला, पण त्यानेच ती गोणपाटावर नीट उभी केली.
मध्यरात्री झोत फळीतून पार गेला
आणि पडद्यावर लाकूड उमटलं.
रेषा सरळ येत होत्या,
मग अचानक वळसा घेत होत्या
पाण्यात दगड लागल्यासारख्या.
तिथे प्रोटॉन दमून आले होते.
आणि खाली, कडेला,
वाटाण्याएवढा आणखी एक डाग.
आम्ही पट्टी तपासली. कॅमेरा तपासला.
फळी उलटी करून पुन्हा काढलं.
डाग बाजू बदलून तिथेच.

सकाळी धुकं भाताच्या खाचरांवरून थेट पार्किंगपर्यंत आलं होतं.
वडिलांच्या गालांवर कालच्या जाळीचे चौकोन.
चष्मा पुसून त्यांनी चित्र पाहिलं,
मोठ्या डागावर बोट टेकवलं,
"ही माहीत होती."
मग फळी कानाशी धरली
आणि बोटाच्या पेराने ठोकत ठोकत खाली गेले.
थांबले. परत ठोकलं.
"आवाजात नाही ही."

मला वाटलं, आता ते स्वतःबद्दल विचारतील.
मी उत्तर जुळवत होते, त्यात पुन्हा अंदाज हा शब्द येत होता.
"चाळीस होड्या बांधल्या," ते म्हणाले,
"कान लावून.
सदतीस अजून पाण्यात आहेत."

नर्सने नाव पुकारलं.
उठताना त्यांनी पेन्सिल मागितली,
वाटाण्याच्या जागी बारीक फुली केली,
आणि आत जाता जाता,
"फळी फेकू नकोस.
फुली सोडून बाकीची चांगली आहे."