गाठींचा काटा

माझ्या दारावर पाटी आहे, 'कडक भाकरी मिळेल'.
नाव नाही, नंबर नाही. भवानी पेठेत लागत नाही.
रोज अडीचशे थापते,
चुलीच्या धगीला उभ्या करते
बोट मारल्यावर वाजेपर्यंत.
आणि माझ्याच घरात, चैत्रातल्या एका सकाळी,
आमच्या ह्यांनी ताट मागे सारलं.
"आजपासून भाकरी बंद."

पुतण्याचं खूळ. सात रस्त्याला जिमला जातो तो.
म्हणे पिठाचं सगळं सोडायचं, ज्वारी, भात, साखर, बटाटा.
तूप चालेल, पनीर चालेल, शेंगा हव्या तेवढ्या.
अंडी, म्हणता म्हणता
काकांच्या गळ्यातल्या लिंगाकडे बघून गप्प झाला.

माझं नेमकं उलटं.
आतनूरकर डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद उजेडात धरला.
"शिवलीलाबाई, तेल."
भाकरी खा, वरण खा, वर तुपाची धार नको,
शेंगाचटणीचं तर नावच नको.
मी म्हटलं, बाई, उखळात कुटताना
शेंगेतूनच तेल सुटतं, वरून कोण ओततंय?
त्या म्हणाल्या, शरीराला ते सांगून बघा.

झालं. एक ताट होतं, ते मधोमध फाटलं.
चटणी ह्यांच्याकडे गेली, भाकरी माझ्याकडे आली.
हे काकडीच्या चकतीवर चटणी ठेवून खायचे,
मी लोणी काढलेल्या ताकात भाकरी कुस्करायची,
आणि दोघंही शेजारच्या ताटात बघायचो
परीक्षेत पोरं बघतात तसं.

घरात वजनकाटा नाही.
हे अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात गाठी बांधतात,
तिथला काटा रविवारी रिकामा असतो.
येमूल मुकादम दोर बाजूला सारायचा,
"चढा वैनी, बिल फाडत नाही."

पहिल्या महिन्यात हे चार किलोंनी उतरले, मी एकाने.
हे गल्लीभर सांगत फिरले, पानवाल्यालासुद्धा.
बाई म्हणाल्या, आधी पाणी जातं, घाई करू नका.
मी घाई केली नाही.
त्या दिवशीच्या भाकऱ्या मात्र जरा जोरात थापल्या गेल्या.

मग ह्यांचं अडलं. काटाही अडला, पोटही.
चिडचिड इतकी, की एका गाठीची गाठच बसेना
म्हणून पोराला शिव्या दिल्या, कानडीतून.
माझं दुपारी चारला सुरू व्हायचं,
पोटात यंत्रमाग, खटखट, खटखट,
घोटभर ताक, की पुन्हा खटखट.
नणंदेकडच्या लग्नात ह्यांनी नुसतं तूप मागितलं, वाटीत.
मी पुरणपोळी कोरडी गिळली.
वाढपी दोघांकडे बघून आत गेला
आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

भाद्रपदात पुण्याच्या पार्सलात
पन्नासला एक भाकरी कमी भरली.
मी दुसरी घातली, दोरा बांधला, बोलले नाही.
माझ्या कपाटामागच्या बरणीतही
चटणी बोटभर खाली गेली होती.
ते बोट माझंच.
हेही बोलले नाहीत.

दिवाळीच्या आधी शेवटचं वजन केलं.
हे साडेसहा किलोंनी कमी, मी सहाने.
म्हटलं, मागच्या वेळी खिशात किल्ल्या होत्या तुमच्या.
येमूलने पेन्सिल कानामागून काढली,
गाठीवरच हिशेब मांडला.
"मल्लेशप्पा, दोघांचे मिळून साडेबारा.
तीन डझन टॉवेल होतात, मोठ्या मापाचे."
मग विचारलं, "पण कुणाचं खरं निघालं?"
आम्ही दोघंही काट्याकडे बघत राहिलो.
त्याच्यावर आता कुणीच उभं नव्हतं,
तरी सुई जरा हलत होती.

येताना रिक्षा केली नाही. हल्ली करत नाही.
अशोक चौकाच्या अलीकडे हे एकदम म्हणाले,
"पुण्याच्या पार्सलात एक कमी होती ना गं, तेव्हा?"

वीस वर्षं मोजून बांधतेय मी.
म्हटलं, कुणास ठाऊक,
मोजायचं राहिलं असेल.