कमाल खोली

साखरेच्या डब्याखाली तीन कागद,
चार दिवसांपासून.
डबा उचलला तर वाऱ्याने उडतात,
नाही उचलला तर नजर तिथेच जाते.

आज रविवार. तुझे बूट चुलीपाशी वाळतायत,
माइते ओतिलियाकडे लोकर पिंजायला गेलीय.
बस, एलिसेओ. चष्मा लाव.

हा पहिला. वीस वर्षांचा, स्वस्त,
महिन्याला दोन पोती बटाट्यांची किंमत.
पण मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात:
वीस मीटरखाली झालेलं काहीही
आम्ही धरत नाही.
जणू तिथून पुढचा समुद्र
दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे.

हा तिसरा. दुसऱ्याकडे येते, थांब.
यात तू मेला नाहीस तर पैसे परत.
कास्त्रोहून आलेल्या एजंटाला हाच आवडतो,
मोज्यांतून पाणी ठिबकत होतं तरी
हाच वाचताना हसत होता.
मी माइतेच्या वहीत मांडून पाहिलं:
रक्कम पहिल्याच्या पाव, हप्ता तिप्पट.
परत मिळणार ते आपलेच पैसे,
वीस वर्षं शिळे.

तू म्हणतोस, माझ्या मरणाचा बाजार मांडलायस.
मांडलाय.
बटाटा घेताना दाबून बघते, तसंच.

तुझ्या आजोबांचं घर
बैलांच्या आठ जोड्या लावून, अख्ख्या गावाने
ओंडक्यांवरून ओढत टेकडीपलीकडे नेलं होतं.
विमा म्हणजे तेव्हा माणसं,
आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवण.
आता गाव सालमनच्या कंपनीत, पाळ्यांवर.
बैल तर कुणाकडेच नाहीत.

तर दुसरा. यात पाणबुडे चालतात.
हप्ता पहिल्याच्या दुप्पट.
होडीला नवं इंजिन यंदा नाही,
पुढच्या वर्षीही नाही.

वारस: मी ऐंशी टक्के, तुझी आई वीस.
हे तू इतकं हळू म्हणालास, जणू मी भांडेन.
भांडणारच होते.
मग आठवलं, तिच्या दारातली लाकडं
तुझ्याशिवाय कोण फोडतं?
लिहिलं वीस.

व्यवसाय.
एजंट म्हणाला होता, जाळी धुणारा कामगार लिहा,
स्वस्त पडेल, कोण बघायला येतंय.
ओतिलियाच्या नवऱ्यानेही तेच लिहिलं होतं.
तिला काय आलं? एक पत्र.
सभ्य भाषेत, शिक्क्यासकट.
मी पाणबुड्या लिहिते,
पेन दाबून, खालच्या कागदावर उमटेल असं.

पुढचा रकाना: कमाल खोली.
हे तुला विचारायचं कशाला, अठरा मीटर.
अकरा वर्षं केयोनच्या धक्क्यावरून येऊन
तू मला अठराच सांगतोस.
आकड्यातला एक काढलाही.

"थांब," तू म्हणालास.

चुलीतलं लाकूड खचलं.

"छत्तीस. कधी कधी चाळीस."
मेलेले मासे पिंजऱ्याच्या तळाशीच बसतात ना,
काढायला तळालाच जावं लागतं,
असं काहीसं पुढे सांगत होतास,
माझ्याकडे नाही, पातेल्याकडे बघत.

दोन खोल्यांचं आपलं घर.
दोन्ही मीच झाडते, कोपरा न् कोपरा.
ही तिसरी
तू कधी उघडून दाखवली नाहीस.

म्हणून गुडघे.
म्हणून रात्री खांदा धरून खिडकीशी उभा राहतोस
आणि मी झोपेतच म्हणते, थंडी आहे, दुसरं काही नाही.

तो एक खोडला.
बाजूला सही कर, खाडाखोडीला लागते.
चाळीस लिहिले. छत्तीस नाही, चाळीस.
हप्ता आणखी वाढेल,
किती ते बुधवारी विचारू.

चष्मा काढू नकोस,
अजून दोन ठिकाणी सही बाकी आहे.
आणि पोरीला आणायला आज तू जा.
चालत जा,
वरच्या रस्त्याने.