उलटा फेरा

आधी चाक आलं, भिंत नंतर.
दरवाज्यातून मावेना, म्हणून
धरणगावच्या जिनाची पूर्वेची बाजू
इंजिन आत बसल्यावर बांधली.
स्टेशनापासून जिनापर्यंत अर्धा कोस,
अकरा बैलजोड्या, तीन दिवस.
काळ्या मातीत जिथं ते रुतलं
तिथं पुढली चार वर्षं पाणी साचायचं
आणि म्हशी बसायच्या.

एकच सिलिंडर. दोन्ही अंगाला दोन चाकं.
कपाळावर लोखंडाचा गोळा, नारळाएवढा,
तो पहाटे तापवायचा निळ्या जाळानं
लालभडक होईस्तोवर.
त्याआधी इंजिन कुणाचं ऐकायचं नाही,
शेठजींचं नाही, मामलेदाराचं नाही.
सुभान तडवीचं ऐकायचं,
तेसुद्धा त्याची बिडी संपल्यावर.

मी नऊ वर्षांचा, काट्यावरच्या मुनीमाचा पोरगा.
माझं काम दिव्याला पंप मारायचं.
सुभान चाकाच्या आरीवर पाय द्यायचा
आणि पाळण्यासारखा झोका:
थोडं पुढं, थोडं मागं,
थोडं पुढं,
भप्.
मग बराच वेळ काही नाही.
भप्. भप्.
छपरावरची कबुतरं उडाली की समजायचं, लागलं.
वरचा दांडा फिरायचा, पट्टे सळसळायचे,
चोवीस रेचे एकदम दात खाऊ लागायचे
आणि केवळबाई नाकावर पदर बांधायची.

या जातीच्या इंजिनाला पुढचं-मागचं कळत नाही.
जिकडं पहिला ठसका बसेल तिकडं ते निघतं
आणि तितक्याच खुशीत चालतं.

पौषातली एक सकाळ. थंडीनं तेल घट्ट.
सुभानचा पाय सटकला की माझा पंप कमी पडला,
अजून ठरलेलं नाही.
चाक उलटं सुटलं.
पट्टे उलटे, दांडा उलटा,
रेच्यांनी तोंडातला कापूस
बायांच्या मांडीवर परत टाकला.
मुकादम ओरडत होता, बाया हसत होत्या,
आणि मी सुभानच्या डाव्या हाताकडं बघत होतो.
तिथं तीन बोटं होती.
दोन पट्ट्यानं नेली होती, माझ्या जन्माआधी.
वाटलं, आता येतील.
केवळबाईचा नवरा सुरतेहून
पाठमोरा चालत येईल, पिशवीसकट.
वडिलांच्या वहीतली शाई दौतीत जाईल.

"दख रे पोऱ्या, आते दख."
सुभाननं तेल तोडलं.
चाक मंदावलं, आणखी मंद,
एक आरी वर यायला कां-कूं करू लागली,
आणि नेमकं तेव्हा, बरोब्बर तेव्हा,
त्यानं एक पिचकारी तेल दिलं.
आतून कुणी खाकरल्यासारखं झालं.
चाक थबकलं
आणि सरळ फिरू लागलं.

बोटं आली नाहीत.
मी नंतर विचारलं. तो म्हणाला,
ती मुंबईला गेली, गाठीत बांधून.
कुणी सदरा शिवून घातला असेल.

मग खांब आले, तारा आल्या,
बोकडाएवढी मोटर आली, हिरवं बटण, लाल बटण.
पहिल्या दिवशी ती उलटी फिरली!
सुभान पोट धरून हसला.
पण वायरमननं फक्त दोन तारा अदलाबदल केल्या,
चहा निवायच्या आत.
सुभानचं हसू तेवढ्यावरच थांबलं.
दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी यायचा,
काही न करता बसायचा, बिडी अर्धी टाकून जायचा.

भंगारवाल्यानं सिलिंडर फोडून नेला, पाच दिवस घण घालून.
एक चाक राहिलं, दांड्यासकट, बेअरिंगवर.
ते न्यायचं तर भिंत पाडावी लागली असती
आणि भिंतीचा पैसा द्यायला तो तयार नव्हता.

मागल्या महिन्यात गेलो होतो.
कुलूप नाही, छप्पर नाही.
आऱ्यांमध्ये कोळ्याची जाळी, सरकीचा जुना वास,
की तो मीच सोबत नेला होता.
चप्पल काढली. आरीवर पाय ठेवला.
कुठल्या बाजूला झोका द्यायचा
ते ठरवून गेलो नव्हतो.